थोरली एका दमात

थोरली घरात आली तेव्हा ताईचा जन्म व्हायचा होता आणि भाऊचा तर कोणी विचारही केला नव्हता. म्हणून गाडीचं नाव थोरली. वडिलांनी ते गमतीने ठेवलं असं कोणी म्हणालं, तर ते ऐकून घ्यायचे, पण हसायचे नाहीत.

थोरली लांब होती, रुंद होती आणि जड होती. तिचं स्टिअरिंग परातीएवढं मोठं आणि त्याचं कडं बोटाएवढं बारीक. एवढं मोठं कशाला, असं मुलं विचारत. कारण त्या काळात स्टिअरिंगला कोणाची मदत नसायची. दंडात असेल तेवढा जोर, तेवढंच भांडवल. कडं मोठं असलं की तोच जोर जास्त पुरतो. दाराची मूठ बिजागरीपासून लांब बसवतात ती यासाठीच. पुढे गाड्यांना पंप आले, मग मोटारी आल्या, आणि आता लोक एका बोटाने गाडी वळवतात व दुसऱ्या हाताने डोकं खाजवतात. थोरलीला तसं काही नव्हतं. तिला जागेवर वळवायचं म्हणजे भरलेलं कपाट सरकवायचं.

घरात थोरलीचा वाढदिवस असायचा. त्या दिवशी एकच कार्यक्रम. गल्ली पुढे जाऊन बंद होते. शेवटी फरसबंद मोकळी जागा, तिला तीन बाजूंनी भिंती आणि भिंतींच्या पायाशी वीतभर उंच दगडी काठ. गाडी घराच्या फाटकापासून तिथवर न्यायची, न थांबता, मागे न घेता, एका दमात वळवायची आणि परत आणायची. ज्याला जमणार नाही त्याने आपली किल्ली बॉनेटवर ठेवायची. ताई-भाऊ दोघांनाही जमलं नाही तर गाडी चुलत्याच्या घरी जाणार. हा नियम वडिलांचा.

नियम त्यांनी स्वतःलाही लावला. एका वर्षी ते मध्येच थांबले. गाडीचं तोंड भिंतीकडे. ते उतरले, किल्ली बॉनेटवर ठेवली, "चहा टाका," म्हणाले आणि वर गेले. पुन्हा त्यांनी कधी किल्ली मागितली नाही. गाडीत बसायचे, पण शेजारच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून, पाहुण्यासारखे. ताई आणि भाऊ दोघांनी ते पाहिलं होतं. त्यावर दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

आता वडील नव्हते. ताई खालच्या मजल्यावर, भाऊ आणि वहिनी वरच्या मजल्यावर, आणि थोरली जिन्याखाली. ताईने आयुष्यभर शिवणशाळेत कापड बेतायला शिकवलं होतं. भाऊने विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्या पाहून नुकसानीचे अंदाज केले होते. दोघंही निवृत्त, दोघांकडे एकेक किल्ली. भाऊ गाडी बाजारात न्यायचा. ताई आठवड्यातून एकदा तलावाच्या वळणावळणाच्या रस्त्याने पार वरपर्यंत जायची आणि परत यायची. तिथे तिचं काही काम नसायचं. वहिनीने एकदा विचारलं होतं, "तिथे करता काय तुम्ही?" ताई म्हणाली, "वळते."

त्या वर्षी ताईचा खांदा धरला. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर ती स्टुलावर चढायची, म्हणजे हात वर न्यावा लागायचा नाही. तलावाच्या रस्त्यावर ती आता निम्म्यातून परतायची, कारण वरची वळणं फार तीव्र होती. आणि वाढदिवस जवळ आला होता.

"ब्रेक दाखवून आणते," असं भाऊला सांगून ती गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेली.

मिस्त्री फक्त स्टिअरिंगचं काम करायचा. ब्रेक घेऊन कोणी आलं की तो समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवायचा. ताई खुर्चीवर बसली आणि गॅरेजचं दार लोटून घे म्हणाली.

"मोटर बसवता येते म्हणे. दांड्याला. आतून."

"येते," मिस्त्री म्हणाला. "डॅशबोर्डच्या मागे. बाहेरून दिसत नाही."

"भाऊला कळता कामा नये."

"का?"

"तो अजून हाताने वळवतो. बैलासारखा. मी वरून बघते ना."

वास्तविक ती खालच्या मजल्यावर राहायची आणि खिडकीतून बघायची, पण मिस्त्रीने दुरुस्ती केली नाही.

"मोटर स्वतः काही ठरवत नाही, ताई," तो म्हणाला. "तुम्ही स्टिअरिंग जरा पिळलं की ती ओळखते, बाईंना डावीकडे जायचंय, आणि तुमच्या बाजूने जोर लावते. किती लावायचा ते एका नॉबवर. शून्यावर ठेवलं तर गाडी होती तशीच, उलट थोडी जडच. मोटर तुमच्या हातावर ओझं होऊन बसते. पूर्ण ठेवलं तर दुधात चमचा फिरवल्यासारखं."

"मग पूर्णच ठेव."

"बसवतो, मग ठरवू."

बसवून झाल्यावर त्याने गाडीची पुढची बाजू जॅकवर उचलली. ही त्याची पद्धत होती. मोटर बसवलेली कुठलीही गाडी तो ही परीक्षा घेतल्याशिवाय सोडत नसे. गिऱ्हाइकाने गाडी चालू ठेवून सीटवर बसायचं, स्टिअरिंग हलकं धरायचं, डोळे मिटायचे. मिस्त्री खाली पुढच्या चाकाशी बसणार आणि टायरला पुढून किंवा मागून हलकेच ढकलणार. सीटवरच्या माणसाने ओळखायचं, ढकललं की नाही, आणि कुठल्या बाजूला.

"चाक हाक मारतं," तो म्हणायचा. "हाताने ओ द्यायला पाहिजे."

नॉब पूर्ण असताना ताई बसली. मिस्त्रीने ढकललं. ताई गप्प.

"काही कळलं?"

"तू सुरू केलंस का?"

मिस्त्रीने नॉब थोडा खाली आणला. पुन्हा ढकललं. "डावीकडे," ताई म्हणाली. "आता उजवीकडे. आता तू नुसता हात ठेवलायस."

मिस्त्री उठून उभा राहिला. त्याने नुसताच हात ठेवला होता.

"कापड कापताना कात्रीला कळतं ना, खाली एक पदर आहे की दोन," ताई म्हणाली. "तसंच आहे."

"मदत घ्या, पण एवढीच," मिस्त्री म्हणाला. "ओल्या रस्त्यावर चाक घसरायला लागलं की स्टिअरिंग हातात एकदम हलकं होतं. ती गाडीची बोंब असते. नॉब पूर्ण असला तर स्टिअरिंग आधीच हलकं. मग बोंब कशी ऐकू येणार?"

ताईने त्या जागेवर नॉब ठेवला, त्याची खूण लक्षात घेतली आणि मग तो शून्यावर आणला. खाली चालकाच्या गुडघ्यापाशी, वायरींच्या आड, तो बोटांनाच सापडायचा. फिरवताना टक्‌ टक्‌ असा बारीक आवाज करायचा.

"मी गाडी सोडताना दर वेळी शून्यावर आणेन. म्हणजे त्याला कळणार नाही," ती म्हणाली. "शपथ घे, सांगणार नाहीस."

"सांगणार नाही."

"शपथ घे म्हटलं."

मिस्त्रीने पान्ह्यावर हात ठेवून शपथ घेतली. गाडी तपासून दुसऱ्या दिवशी देतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईच्या आधी भाऊ आला. त्याने येताना गॅरेजचं दार स्वतःच लोटून घेतलं.

"ब्रेक झाले का?"

"ब्रेक चांगले आहेत," मिस्त्री म्हणाला. ते खरंच चांगले होते.

भाऊने थोरलीभोवती एक चक्कर मारली. सवयीने दोन्ही बाजूंचे पत्रे पाहिले. मग कोपर चोळत म्हणाला, "आलीच आहे गाडी तर एक काम कर. ती मोटर असते ना, स्टिअरिंगची. आतल्या आत बसते ती."

मिस्त्रीने लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"माझं कोपर गेलंय. डॉक्टर म्हणतो पिशवीसुद्धा उचलू नका. तुझ्या वहिनीला सांगितलेलं नाही, ती लगेच ताईला सांगेल. आणि ताईला कळता कामा नये."

"का?"

"अरे, ती या वयात हाताने वळवते. तलावापर्यंत जाते. तिच्यापेक्षा मी लहान. तोंड कुठे लपवू?"

मिस्त्रीने चहा मागवला. शपथ एकाची असती तर सोपं होतं. त्याने ताईला वचन दिलं होतं की भाऊला सांगणार नाही. आता भाऊ त्याच्याकडून वचन मागत होता की ताईला सांगू नकोस. दोन्ही वचनं एकमेकांच्या आड येत नव्हती, हीच अडचण होती. दोन्ही पाळणं शक्य होतं.

"बसते का नाही?" भाऊने विचारलं.

"बसेल," मिस्त्री म्हणाला. "संध्याकाळी या."

ताई आली तेव्हा तिच्याकडे त्याने आणखी एक दिवस मागून घेतला. संध्याकाळपर्यंत त्याने थोरलीला हात लावला नाही. भाऊ आला तेव्हा गाडी जॅकवर होती. मिस्त्रीने त्याला नॉब दाखवला, बसायला सांगितलं, डोळे मिटायला सांगितलं. भाऊने बसल्याबरोबर नॉब शेवटपर्यंत फिरवला.

मिस्त्रीने टायर ढकलला. "कुठे?"

"डावीकडे."

पुन्हा ढकलला.

"डावीकडे."

"आता?"

"डावीकडेच."

"मी आता चहा पीत होतो, भाऊ."

"मग चाकाने स्वतःहून हाक मारली असेल," भाऊ डोळे न उघडता म्हणाला.

मिस्त्रीने त्याला समजावून पाहिलं. मदत जास्त झाली की रस्ता मुका होतो, थोडं खाली आणा, कोपरालाही तेवढं पुरेल. भाऊ म्हणाला, रस्ता त्याला डोळ्यांनी दिसतो. आणि काम पसंत आहे. बिल?

"बिल ब्रेकबरोबर येईल," मिस्त्री म्हणाला. मोटर एक, बिल एक, आणि ते ताईने आधीच भागवलं होतं. भाऊला ते कधी मिळालं नाही, आणि तोही ते मागायला आला नाही, कारण मागायला येणं म्हणजे कोणाच्या तरी नजरेस पडणं.

त्यानंतरचे दिवस फार सुरळीत गेले. ताई गाडीत बसायची, नॉब आपल्या खुणेवर आणायची, तलावापर्यंत पार वर जायची आणि परतल्यावर नॉब शून्यावर आणून उतरायची. भाऊ गाडीत बसायचा, नॉब शेवटपर्यंत फिरवायचा, बाजारात जायचा आणि परतल्यावर नॉब शून्यावर आणून उतरायचा. दोघांनाही तो दर वेळी शून्यावरच सापडायचा, जसा आपण ठेवला होता तसा. दोघांचंही मत झालं की मिस्त्रीचं काम पक्कं आहे, नॉब जागचा हलत नाही.

खिडकीतून ताईने भाऊला गाडी फाटकातून काढताना पाहिलं. जुन्या दिवसांपेक्षा सहज. गच्चीतून भाऊने ताईला गाडी आत घेताना पाहिलं. ओठसुद्धा आवळले नव्हते तिने.

"ताईचं काय सांगू तुला," तो वहिनीला म्हणाला. "लोखंड आहे लोखंड."

"मग त्या स्टुलावर का चढतात डब्यासाठी?" वहिनी म्हणाली.

"उंची कमी आहे तिची."

ताई मिस्त्रीकडे एकदा सहज आली. चहा घेतला. मग म्हणाली, "त्याचा हात बघितलास का? माझ्याहून लहान, तरी साठी उलटलीय. आणि मी अशी, लपवून मोटर लावलेली. बाबा असते तर काय म्हणाले असते?"

मिस्त्रीने कपातली साय काढून बशीत ठेवली. "बघू," तो म्हणाला. या दिवसांत भाऊ वाटेत भेटला, त्यालाही त्याने 'बघू' एवढंच सांगितलं होतं.

वाढदिवसाला नेहमीची माणसं जमली. शेजाऱ्यांनी खुर्च्या भिंतीच्या सावलीत मांडल्या. चुलतभाऊ आला, त्याचं हॉटेल होतं आणि सगळे त्याला हॉटेलवालाच म्हणत. त्याने येताना एक कुंडी आणली होती, फर्नची. ती दगडी काठाला टेकून ठेवली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"हे काय?" वहिनीने विचारलं.

"रंग जुळतो का बघतोय. समजा, फक्त समजा, दोघांनाही जमलं नाही. माझ्या दारात उभी करेन. इंजिन काढून बॉनेटमध्ये माती भरायची. सीटवर दोन मोठ्या कुंड्या. लोक फोटो काढतात हो."

"स्टिअरिंगचं काय करणार?" भाऊने विचारलं.

"त्यावर वेल सोडू."

मिस्त्रीलाही बोलावणं होतं. ताईने वेगळं बोलावलं होतं आणि भाऊने वेगळं. तो फाटकाजवळ भिंतीच्या कडेला उभा राहिला.

धाकट्याने आधी जायचं, अशी रीत. भाऊ गाडीत बसला. त्याने रुमाल काढला, घाम नसलेलं कपाळ पुसलं आणि रुमाल त्याच्या हातून खाली पडला. तो वाकला. बराच वेळ वाकून होता.

"सर्दी झालीय का त्याला?" ताईने वहिनीला विचारलं.

थोरली निघाली. गल्ली संपेपर्यंत सरळ गेली, मग भाऊने स्टिअरिंग वळवलं, आणि ते असं वळलं की शेजारच्या आजोबांनी "वा" म्हटलं. गाडी भिंतीसमोरून गोल फिरली. फिरताना तिचं पुढचं बाहेरच्या बाजूचं चाक दगडी काठावर चढलं, काठावरून चालत गेलं आणि कुंडीवरून खाली उतरलं. कुंडीचा आवाज झाला. भाऊ पुढे बघत होता. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो फाटकापर्यंत आला, थांबला, रुमाल पुन्हा पडला, पुन्हा वाकला, उतरला.

"न थांबता, मागे न घेता," तो म्हणाला.

"माझी कुंडी," हॉटेलवाला म्हणाला.

"कुठली कुंडी?"

सगळ्यांनी बोट दाखवलं. भाऊने जाऊन पाहिलं. खापऱ्या पायाने जरा बाजूला केल्या. "पूर्ण नुकसान," तो म्हणाला. आयुष्यभराची सवय.

ताईला एक गोष्ट खटकली. थोरलीचं चाक काठाला नुसतं घासलं तरी स्टिअरिंग मनगटाला हिसका देतं. लहानपणापासून दोघांना तो हिसका माहीत होता. काठावर चढून कुंडी फोडेपर्यंत भाऊला कळलं कसं नाही? मग तिने स्वतःची समजूत घातली. जोर असलेल्या माणसाला हिसका कसला लागतोय.

ती गाडीत बसली. चष्म्याची डबी मांडीवर घेतली, ती खाली सरकू दिली आणि वाकली. बोटांना नॉब सापडला. तो शून्यावर होता.

तिने तो फिरवला नाही. हात तसाच राहिला. काल संध्याकाळी तिनेच तो शून्यावर आणून ठेवला होता. म्हणजे भाऊने आत्ता थोरली शून्यावर वळवली. मोटरचं ओझं अंगावर घेऊन, नुसत्या दंडांनी. चाक काठावर गेलं असेल, कुंडी फुटली असेल, पण त्याने बाबांच्या नियमात कोणाची मदत घेतली नाही. आणि आता ती, थोरली बहीण, त्याच्यानंतर लगेच, त्याच सीटवर बसून, टक्‌ टक्‌ करून वळवणार.

तिने डबी उचलली, शेजारच्या सीटवर ठेवली, आणि सरळ बसली. नॉब शून्यावरच.

मिस्त्रीने ते पाहिलं. डबी पडली तेव्हा तो निश्चिंत झाला होता. पण टकटक ऐकू आली नाही, तसा तो भिंतीपासून पुढे आला. वचनं दोन होती. तो पुन्हा मागे गेला.

थोरली गल्लीतून आली. ताईने वळण धरलं. कडं थोडं फिरलं, आणखी थोडं फिरलं, आणि खांद्याने नाही म्हटलं. तिने दोन्ही हात एका बाजूला आणले, अंगाचा भार टाकला. कडं हललं नाही. भिंत जवळ येत होती. ताईने ब्रेक दाबला. ब्रेक चांगले होते.

गाडीचं तोंड भिंतीकडे होतं.

ताईने इंजिन बंद केलं, उतरली, साडी नीट केली आणि किल्ली बॉनेटवर ठेवली. वडिलांनी जिथे ठेवली होती साधारण तिथेच.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"चला, एक किल्ली कमी झाली," हॉटेलवाला म्हणाला. "अभिनंदन, भाऊ. पुढच्या वर्षी तू."

भाऊ किल्लीकडे बघत होता. शेजारच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून बसलेले वडील त्याला आठवत होते, आणि त्यांच्या जागी आता ताई बसणार होती, आणि गाडी चालवणार होता तो, ज्याला काठ आणि कुंडी यांत फरक कळला नव्हता.

त्याने किल्ली उचलली. ताई जिन्याकडे निघाली होती.

"ताई, थांब. माझा रुमाल गाडीत राहिला."

"मग घे ना."

"तू बस. मला वाकायला त्रास होतो."

"आत्ता दोनदा वाकलास की."

"म्हणूनच त्रास होतोय. बस तू."

ताई बसली. भाऊने तिच्या हातात किल्ली दिली, गुडघे टेकले, डोकं तिच्या पायांपाशी घातलं. वायरींच्या आडून आवाज आला. टक्‌ टक्‌ टक्‌ टक्‌. शेवटपर्यंत.

तो आवाज ताईला ओळखीचा होता.

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कधीपासून?"

"ब्रेक केले तेव्हापासून," भाऊ खालून म्हणाला. "पण तुला तो आवाज..." आणि तिथे तो थांबला. मग म्हणाला, "ब्रेक दाखवायला तूच नेली होतीस."

"हो."

"ब्रेकला काय झालं होतं?"

"काही नाही."

भाऊ खाली तसाच बसून राहिला. वर यायला कोपर टेकावं लागणार होतं.

"तरीच तुला काठ कळला नाही," ताई म्हणाली. "एवढं वर ठेवतोस तू? बहिरी होते ती. बाजूला हो."

तिने हात खाली घातला आणि नॉब मागे आणला, आपल्या खुणेपर्यंत. मग किल्ली लावली.

हॉटेलवाला पुढे आला. "हे काय चाललंय? ती थांबली होती. थांबलं की किल्ली बॉनेटवर. नियम आहे."

"स्वतःहून थांबली नाही," भाऊ गुडघे झटकत उठला. त्याचा आवाज आता कचेरीतला झाला होता. "मार्गात अडथळा होता."

"कसला अडथळा?"

"माझा रुमाल. पुन्हा सुरुवातीपासून धरायचं. आणि दोघांनी."

शेजारच्या आजोबांनी मान डोलावली. ते त्या गल्लीतले सगळ्यात जुने होते, आणि त्यांना पुन्हा एकदा बघायला मिळणार होतं.

थोरली फाटकापर्यंत मागे गेली आणि पुन्हा आली. ताईने वळण धरलं. या वेळी स्टिअरिंग दुधातल्या चमच्यासारखं फिरलं नाही. घट्ट मळलेल्या कणकेसारखं फिरलं. जोर मागत होतं, पण ताईकडे होता तेवढाच. गाडी भिंतीसमोरून गोल आली. बाहेरचं चाक काठाजवळ गेलं, टायरची कड दगडाला जेमतेम लागली आणि कड्यातून ताईच्या अंगठ्यांपर्यंत एक बारीकशी थरथर आली. तिने बोटभर आत घेतलं. काठ मागे राहिला. ती फाटकाशी येऊन थांबली.

"आता तू," ती भाऊला म्हणाली. "आणि त्या नॉबला हात लावू नकोस."

"माझं कोपर..."

"पुरेल तेवढं."

भाऊ बसला. रुमाल खिशातच राहिला. वळणावर त्याच्या कपाळावर खरा घाम आला. अर्ध्या वळणात तो एकदम ओरडला, "अगं, लागला, काठ लागला."

"लागला नाही," ताई गाडीबरोबर चालत म्हणाली. "हाक मारली. ओ दे."

भाऊने थोडं आत घेतलं. थोरली काठाला खेटून गेली, फुटक्या खापऱ्यांच्या शेजारून, त्यांना न दुखवता, आणि फाटकापर्यंत आली.

"उजवीकडून मारली होती," भाऊ उतरल्यावर मिस्त्रीला म्हणाला. "हाक."

"बरोबर," मिस्त्री म्हणाला.

"तुला सगळं माहीत होतं," ताई म्हणाली.

"भाऊंची शपथ होती."

"आणि मला का नाही सांगितलंस?" भाऊने विचारलं.

"ताईंचीपण होती."

हॉटेलवाला खापऱ्या गोळा करत होता. फर्न जगला होता, वहिनीने तो मागून घेतला आणि जिन्याखाली लावला.

जाताना मिस्त्रीने विचारलं, "आता नॉब वर काढून देऊ का? डॅशबोर्डवर, हाताशी येईल असा? दोघांनाही वाकायला नको."

ताईने भाऊकडे पाहिलं, भाऊने ताईकडे. भिंतीच्या सावलीत सगळी गल्ली खुर्च्या टाकून बसली होती.

"नको," भाऊ म्हणाला.

"असू दे खालीच," ताई म्हणाली. "लोकांना कळेल."